एकशे त्रेपन्नावं पान

वागळे इस्टेट. पासपोर्ट ऑफिसच्या मागची गल्ली.
रांगेतून फुटलेली माणसं
आमच्या शटरात डोकं घालून विचारतात, झेरॉक्स आहे का?
नाही, म्हणते मी. इथं पुस्तकं छापतात.
मग ती जरा आत बघतात,
कागदाच्या रिमांकडे, शाईच्या डब्यांकडे,
आणि फाइल छातीशी धरून परत जातात
जगात.

ठोसर आले तेव्हा मार्च होता.
एक हार्ड डिस्क, अकरा देश, नऊ हजार फोटो.
त्यातले दीडेकशे मी निवडायचे.
'पुस्तक चालतं कशानं, तुम्हाला ठाऊक असेल,
एवढी वर्षं पानं लावताय.'
सांगितलं, येत होतं तेवढं:
शिवणीत चेहरा पडू देऊ नका, नाक गिळते शिवण.
मॅट कागद घ्या, दिव्याखाली त्याचा आरसा होत नाही.
सूर्यास्त दोन पुरे,
तिसऱ्याला माणूस न बघताच पान उलटतो.
आणि डोंगरानंतर डोंगर नको,
डोंगरानंतर एखादं ताट ठेवा. उष्टं असलं तर बरंच.

त्यांनी सगळं लिहून घेतलं
आणि सात सूर्यास्त ठेवले.

फर्मा सोळा पानांचा. दहा फर्मे, एकशे साठ.
शेवटच्या फर्म्यात एक पान कोरं राहत होतं.
रात्रीचे नऊ, प्लेटा सकाळी जायच्या,
ठोसरांचा फोन बंद, विमानात असणार.
टाकून दिलेल्यांच्या फोल्डरमधून
मी एक उचलला नि लावला.
उभा होता, बसत होता. एवढंच.

कुठल्याशा देशातला बसथांबा.
क्षितिज डावीकडे कललेलं, कोपऱ्यात कुणाचं तरी कोपर.
बाकावर एक म्हातारा,
मांडीवर भिंतीवरचं घड्याळ,
दोन्ही हातांनी धरलेलं, गरम पातेलं धरावं तसं.
चार वाजून दहा मिनिटं.

पुस्तक आलं. जाड, देखणं, अठराशे रुपये.
घंटाळीच्या हॉलमध्ये प्रकाशन, वर बटाटेवडे.
हजारातल्या सातशे प्रती आमच्याच माळ्यावर परत.
एक बांधणी उसवलेली प्रत खाली टेबलावर राहिली.
चहा आणणारा निवृत्ती भोये ट्रे ठेवायचा,
बर्फ ओलांडायचा, वाळवंट ओलांडायचा,
थेट एकशे त्रेपन्न.
एकदा म्हणाला,
'ताई, हा घड्याळ दुरुस्तीला नेतोय,
का दुरुस्त करून आणतोय?'

कटिंगवरचे इस्माईल चौगुले मशीन थांबवून आले.
चष्मा कपाळावर. 'आणतोय. काच पुसलेली आहे.'
'काच तर नेतानाही पुसतो माणूस,'
डिंकाचे हात पुशीत लीलाबाई म्हणाल्या,
'दुकानदारासमोर लाज नको.'
'चालू असेल तर सावली चार-दहाची हवी.'
निवृत्ती दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी
रस्त्यात जाऊन उभा राहिला,
स्वतःची सावली बघत. टेम्पोवाल्यानं शिवी दिली.
'तिकडचं ऊन वेगळं असेल,' आत येऊन म्हणाला.

तीन आठवडे चाललं हे.
मग झेरॉक्स विचारायला आलेली एक मुलगी
खांद्यावरून डोकावली.
'त्याला घर सोडायला लावलंय,' म्हणाली,
'घड्याळ तेवढं उचललं त्यानं.'
आणि रांगेत नंबर जाईल म्हणून पळाली.

कुणी काही बोललं नाही.
इस्माईलभाई मशीनवर गेले.
चहावर साय धरली.

ठोसरांना दाखवलं ते पान.
बराच वेळ बघत राहिले.
'हा मी काढलाय?'
थांबा आठवेना, गाव आठवेना,
कोपर बायकोचं असावं म्हणाले.

दिवाळीनंतर पुन्हा आले. नवी डिस्क, चार देश,
आवाज जरा खाली.
'या वेळी किती पानं धरू?'
उसवलेली प्रत उघडीच होती समोर,
म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर चहाच्या पेल्याचं कडं उमटलेलं.
'एकशे एकोणसाठ,' मी म्हटलं.